फुकटात मायक्रोवेव्ह : नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

सर्वप्रथम पैसे खर्च करायचे नाहीत, असा निश्चय करावा. मायक्रोवेव्ह सर्किट सिम्युलेशनच्या महागड्या सॉफ्टवेअरच्या परवान्याची किंमत फोनवर विचारली तर पलीकडचा माणूस आकडा सांगत नाही, ‘कोटेशन पाठवतो’ म्हणतो. त्यातूनच काय ते समजावं.

फुकटात पर्याय भरपूर आहेत. सोनेट लाइट घेतलंत तर मेमरीला मर्यादा आहे. जाळी बारीक करायला गेलात की गाडी अडते. ओपनईएमएसला अशी मर्यादा नाही, पण तांब्याची प्रत्येक पट्टी आज्ञावलीत आकडे लिहून मांडायची आणि जाळीही आपणच आखायची. हौस दांडगी असेल तर कॅलटेकमध्ये 1980च्या दशकात जन्मलेलं ‘पफ’ शोधावं. डॉसवर चालतं. भागाचं अक्षर दाबायचं, मग बाणाची कळ, की पट्टी त्या दिशेला सरकन उमटते. माझ्या मते शिकायला आजही याहून सुटसुटीत काही नाही. पण मित्रांना दाखवायला रंगीत काहीतरी हवं, म्हणून तुम्ही क्यूक्स घ्याल. घ्या.

आता 2.4 गिगाहर्ट्‌झ अडवणारा साधा फिल्टर काढू. 1.6 मिमी जाडीच्या एफआर-4 बोर्डावर 50 ओहमची पट्टी साधारण 3 मिमी रुंद येते. तिला पाव तरंगलांबीचा, म्हणजे 17 मिमीचा, टोकाला उघडा फाटा जोडावा. आलेखात खड्डा बरोबर 2.4 वर दिसेल. इथे चहा घ्यावा, कारण यापुढे इतकं समाधान नाही.

डायइलेक्ट्रिक स्थिरांक तुम्ही 4.4 भरलात. दुकानदाराला विचारलंत तर तो ‘एफआर-4च आहे साहेब’ एवढंच सांगेल. स्थिरांक 4.7 निघाला तर खड्डा 2.33 वर जातो. शिवाय फाट्याच्या उघड्या टोकाबाहेर विद्युतक्षेत्र सांडतं, म्हणून फाटा 0.6 मिमी लांब असल्यासारखा वागतो आणि खड्डा आणखी खाली घसरतो. ‘ओपन’ नावाचा घटक टोकाला लावला असता तर हे आधीच कळलं असतं. पण तो यादीत फार खाली असतो.

ग्राउंडचं चिन्ह मात्र सढळ हाताने वापरावं. पडद्यावर ते शून्य ओहम असतं. बोर्डावर त्या जागी एक भोक असतं, त्याचं इंडक्टन्स नॅनोहेन्रीभर, म्हणजे 2.4 गिगाहर्ट्‌झला तब्बल 15 ओहम. सॉफ्टवेअरला याची खबर नसते, कारण तुम्ही दिली नाहीत.

मोजमापासाठी मित्राचा नॅनोव्हीएनए आणावा. आणण्याआधी तो कुठवर मोजतो ते विचारावं. जुना 900 मेगाहर्ट्‌झपर्यंतचा असेल तर खड्डा दिसणारच नाही, आणि काहींना तेच सोयीचं पडतं.

दिसलाच, तर क्यूक्समध्ये परत जाऊन दोन्ही आलेख एकमेकांवर बसेपर्यंत स्थिरांक बदलत राहावा. मग अहवालात ‘सिम्युलेशन व मोजमाप यांत उत्तम मेळ’ असं लिहावं. परीक्षकांना छापील प्रतच द्यावी. फाइलवर तारीख असते.