लॉग काय म्हणतोय?

अव्या तुमच्याही ओळखीचा आहे. नाव वेगळं असेल, पोट थोडं कमी-जास्त असेल. पण पाठीवरची काळी सॅक, किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवलेले पेनड्राइव्ह आणि लॅपटॉपच्या झाकणावर चिकटवलेला पेंग्विन, एवढ्यावरून तुम्ही त्याला ओळखालच. कुणाच्याही घरी गेला की चहा यायच्या आत हा विचारतो, "अजून विंडोजच का?" स्वरात काळजी असते, राग नसतो, म्हणून जास्त लागतं.

त्याला चुकूनही सांगू नये की गेम चालत नाहीये. कुठला गेम, हे तो विचारत नाही. मान किंचित तिरकी करतो, चष्मा कपाळावर चढवतो आणि म्हणतो, "लॉग काय म्हणतोय?"

लॉग म्हणजे कम्प्युटर दिवसभर स्वतःशी जे पुटपुटतो ते. आपण ते कधी ऐकत नाही. अव्या फक्त तेच ऐकतो.

बरं, हे कम्प्युटरपुरतं राहिलं असतं तर एक वेळ सोसलं असतं. माझी स्कूटर सुरू होईना, मी घामाघूम होऊन किका मारतोय, आणि हा शेजारी उभा राहून, "लॉग काय म्हणतोय?" आमच्या सासऱ्यांना रात्री छातीत जळजळलं. सगळे धावपळ करतायत आणि हा त्यांच्या उशाशी बसून विचारतोय, की जळजळायच्या आधी शेवटचं काय इन्स्टॉल केलंत? म्हणजे काय खाल्लंत? (मिसळ. लॉग बरोबर होता.) याच्या लग्नाची गोष्ट वहिनी मोठ्या रंगात सांगतात. "बाबांनी विचारलं, मुलाला व्यसन काय? हे म्हणाले, काही नाही. तेव्हाच लॉग मागायला हवा होता."

व्यसन जुनं आहे: विंडोजच्या जागी बसणाऱ्या लिनक्सचं. २००४ साली उबुंटू नावाचं लिनक्स आलं, आणि मागेल त्याला सीडी फुकट, तीही पोस्टानं घरपोच, अशी उबुंटूवाल्यांची योजना होती. २०११ मध्ये ती बंद पडली, तोवर अव्याच्या पत्त्यावर पाकिटं येतच राहिली. त्यानं ती हॉस्टेलात वाटली, मेसच्या मावशींना दिली, केशकर्तनालयात ठेवली. गणपती मंडळाच्या कार्यकर्त्यांनी आरतीची सीडी समजून ती एकदा म्युझिक सिस्टीमला लावलीही. काहीच वाजेना. कुणीतरी अव्याला बोलावलं. त्यानं काय विचारलं असेल, ते तुम्ही सांगा.

आता मूळ प्रकरण. आमचा जुना लॅपटॉप विंडोजच्या ओझ्यानं टेकीला आला होता. अव्यानं त्यावर लिनक्स टाकलं आणि तो तुरुतुरु चालायला लागला, हे मान्य केलंच पाहिजे. पण चिरंजीवांना त्यावर 'एज ऑफ एम्पायर्स २' खेळायचा होता. खेळ १९९९ चा, विंडोजसाठी केलेला. माझी कॉलेजातली सीडी माळ्यावर सापडली होती. शनिवारी संध्याकाळी अव्या आला. बायकोनं विचारलं, "जेवायला थांबणार ना?" तो म्हणाला, "नाही हो वहिनी, दहा मिनिटांचं काम." हे ऐकून तिनं कुकरमध्ये वाटीभर तांदूळ वाढवले.

आधी काळी खिडकी उघडली गेली. अव्याच्या जगात सगळी शुभकार्यं काळ्या खिडकीतच होतात. मग 'सुडो'. मग पासवर्ड. चिरंजीवांनी टाइप केलं आणि ओरडले, "काका, कीबोर्ड बिघडला! काहीच उमटत नाहीये!" पासवर्ड टाइप करताना इथे साधे ठिपकेसुद्धा दिसत नाहीत, हे समजावून सांगण्यात पहिला चहा गार झाला. मग कळलं की लॅपटॉप ६४ बिटांचा, खेळ ३२ बिटांचा, तेव्हा सिस्टीमला 'आय-३८६'ची वेगळी ओळख करून द्यायला हवी आणि ३२ बिटांची सगळी लायब्ररी खाली उतरवायला हवी. ती उतरत असताना वाइनचं निरूपण झालं.

वाइन म्हणजे विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारी व्यवस्था. अव्याच्या तोंडून ऐकलं तर खरंच रंजक वाटतं. विंडोजसाठी लिहिलेला प्रोग्राम विंडोजकडे सारखं काहीतरी मागत असतो: चौकट काढ, फाइल उघड, आवाज कर. वाइन मध्ये उभं राहतं आणि ती प्रत्येक मागणी स्वतः पुरवतं. प्रोग्रामला पत्ताच लागत नाही की आपण परक्या घरात आहोत. पण अशा मागण्या हजारोंनी, आणि विंडोजच्या आत डोकवायला बंदी. प्रत्येक मागणीला मूळ उत्तर काय मिळतं हे बाहेरून हेरायचं आणि ते उत्तर नव्यानं लिहायचं. १९९३ मध्ये हे काम सुरू झालं आणि १.० ही आवृत्ती यायला २००८ चा जून उजाडला. "पंधरा वर्षं!" अव्या अभिमानानं म्हणाला. त्याच्या त्या दहा मिनिटांचा हिशेब मला तेव्हा लागला.

सेटअप सुरू झाला आणि काळ्या खिडकीतून 'फिक्समी', 'फिक्समी' असं लिहिलेल्या ओळी धबाधबा कोसळायला लागल्या. मी घाबरलो. अव्या शांत. "फिक्समी म्हणजे लग्नात रुसलेल्या आत्या. असायच्याच. त्यांच्याकडे बघत बसलं तर मुहूर्त टळतो. तू फक्त 'ई-आर-आर' शोध." तो ओळींवरून बोट फिरवत वर-वर जात राहिला. मध्येच पुढ्यात ताट आलं. त्यानं डाव्या हातानं स्क्रोल करत उजव्या हातानं आमटी-भात संपवला, आणि आमटीत मीठ नव्हतं हे त्याच्या लक्षात आलं नाही. त्याचा लॉग नव्हता ना.

खेळ उघडला तो गवत जांभळं आणि पाणी लाल घेऊन. खेळ २५६ रंगांच्या जमान्यातला. आताचा स्क्रीन त्या रंगपेटीत काहीतरी घोळ घालत होता. मी म्हटलं, असू दे, खेळेल तो लाल पाण्यात. अव्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी उठून सुपारी आणायला गेलो. मध्यरात्र उलटल्यावर कधीतरी गवत हिरवं झालं, पाणी निळं झालं, चिरंजीवांनी टुणकन उडी मारून माउस हातात घेतला, आणि अव्या म्हणाला, "चालतंय." एवढं बोलून त्यानं खेळ बंद केला.

हे नीट समजून घ्या. त्यानं खेळ बंद केला! मी इतकी वर्षं याला पाहतोय. या माणसानं आयुष्यात शेकडो गेम बसवलेत आणि एकही खेळलेला नाही. कंपनीचं बोधचिन्ह दिसलं, मेनू उघडला, मागे संगीत वाजलं, की याचा खेळ संपला. पुढे घोडदळ येतं का, किल्ला पडतो का, याच्याशी त्याला कर्तव्य नाही.

तरी त्या रात्रीनंतर चिरंजीव आठवडाभर मनसोक्त खेळले. पुढच्या रविवारी अव्या पुन्हा हजर. "त्या दिवशी मी बऱ्याच गोष्टी बदलल्या. नेमकं कशामुळे चाललं ते कळायला हवं. परत पहिल्यापासून करून बघू." आणि कुणी काही म्हणायच्या आत त्यानं वाइनचं अख्खं फोल्डर उडवलं. वाइन आपली सी ड्राइव्ह त्याच फोल्डरात थाटतं. गेम त्यातच, आणि सेव्ह करून ठेवलेल्या लढायाही त्यातच. आमच्या चिरंजीवांचं साम्राज्य एका ओळीत खालसा झालं. पोरगं भोकाड पसरून रडलं. अव्या त्याच्या शेजारी बसला, पाठीवरून हात फिरवला आणि मायेनं म्हणाला, "रडू नकोस. आता आपल्याला कारण कळलंय."

त्याच्या दोन पोथ्या आहेत आणि त्यांचं पारायण झाल्याशिवाय कुठलंही इन्स्टॉलेशन पुरं होत नाही. पहिली: २०१२ साली फिनलंडच्या आल्तो विद्यापीठात लिनक्सचा जनक लिनस टॉरवाल्ड्स यानं एका नामांकित ग्राफिक्स कार्ड कंपनीला, कॅमेऱ्याकडे बघून, मधलं बोट दाखवलं. तो फोटो अव्याला हॉलमध्ये लावायचा होता. वहिनींनी फ्रिजच्या मागची जागा मंजूर केली.

दुसरी पोथी दुसऱ्या लिनसची. कॅनडातला यूट्यूबर लिनस सेबॅस्टियन, २०२१ च्या नोव्हेंबरातली गोष्ट. लिनक्सवर गेम खेळून दाखवायचं आव्हान त्यानं घेतलं होतं. पॉप ओएस नावाच्या लिनक्सवर तो स्टीम, म्हणजे गेमचं ऑनलाइन दुकान, बसवायला गेला. पॅकेजमध्ये गडबड होती. स्टीम आत येताना डेस्कटॉपच बाहेर जाणार होता. यंत्रानं तसं स्वच्छ सांगितलं, आणि खरंच करायचं असेल तर 'येस, डू ॲज आय से!' हे आख्खं वाक्य टाइप करायला लावलं. त्यानं केलं. डेस्कटॉप गेला. इथे अव्या थांबतो, सगळ्यांवरून नजर फिरवतो आणि खालच्या पट्टीत म्हणतो, "समोर लिहिलेलं होतं. वाचलं नाही."

न वाचणाऱ्यांवर त्याचा राग आहे, आणि एकदा आमची सोसायटी त्याच रागामुळे वाचली. उन्हाळ्यात टँकरचं बिल अवाच्या सवा आलं. सभेत नेहमीची हमरीतुमरी: चेअरमन विरुद्ध सेक्रेटरी, ए विंग विरुद्ध बी विंग. अव्या मागच्या खुर्चीवरून म्हणाला, "लॉग काय म्हणतोय?" सगळे हसले. तो उठला, खाली गेला आणि वॉचमनची गेटवरची वही घेऊन आला. टँकरची प्रत्येक खेप तीत वेळेसकट लिहिलेली. बिलातल्या खेपा आणि वहीतल्या खेपा जुळेनात. पुरवठादारानं मुकाट्यानं पैसे कमी केले. सभेनं अव्याच्या अभिनंदनाचा ठराव मांडला. तो म्हणाला, ठराव नको, वही भरली आहे, वॉचमनला नवी आणून द्या.

आणि मग त्याच्यावर संकट कोसळलं. लिनक्सवर गेम चालायला लागले.

ऑगस्ट २०१८ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीनं स्टीममध्ये प्रोटॉन आणलं. आत वाइनच, पण सोबत डीएक्सव्हीके. विंडोजवरच्या डायरेक्टएक्सला खेळ ज्या आज्ञा देतो, त्या ते लिनक्सला कळणाऱ्या वल्कनमध्ये फिरवून देतं, त्यामुळे चित्रं भराभर उमटतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये स्टीम डेक आला, हातात मावणारा, आत लिनक्स. अव्याच्या भाच्यानं तो अमेरिकेहून आणला. बटण दाबलं, खेळ उतरला, सुरू झाला. काळी खिडकी नाही, सुडो नाही, फिक्समी नाही. अव्या शेजारी सॅक मांडीवर घेऊन बसला होता. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "काही अडलं?" भाचा म्हणाला, "नाही मामा, मस्त चाललंय." अव्या "छान, छान" म्हणाला आणि पाणी प्यायला आत गेला.

त्यानंतर त्याला बोलावणी येईनाशी झाली. आमचे चिरंजीवही आता स्वतःच सगळं बसवतात. मध्यंतरी मी त्याच्या घरी गेलो, तर त्यानं मला एक जुनं पान उघडून दाखवलं. कुठल्याशा विस्मृतीत गेलेल्या गेमचा आवाज वाइनवर फाटतो, अशी तक्रार त्यानं नोंदवली होती. खाली त्याचा लॉग. त्याखाली कितीतरी वर्षं शुकशुकाट. मध्येच अधूनमधून अव्याचीच नोंद: नव्या आवृत्तीत तपासलं, दोष कायम. आणि शेवटी कुणा अनोळखी माणसाचं दोन ओळींचं उत्तर: दुरुस्त केलंय, कृपया तपासून सांगा. अव्यानं रात्री उठून तपासलं होतं. तो गेम जगात कोण खेळतं? बहुधा कुणीच नाही. हाही नाही. पण भाच्याचं ते एक बटण अशाच बिनपगारी, न मागितलेल्या रात्रींवर चालतं. असले अव्या गावोगाव आहेत, आणि ते आपल्याला छळतात तेव्हा दुसऱ्या कुणाचं तरी काम सोपं करत असतात. आपल्या वाट्याला फक्त छळ येतो, एवढीच तक्रार.

परवा भाच्याचा फोन आला. मित्रांबरोबर ऑनलाइन खेळायचा एक गेम सुरूच होत नाही. अव्या सॅक घेऊन धावला. या वेळी लॉग स्पष्ट होता. दोष कशातच नव्हता. खेळात कुणी लबाडी करू नये म्हणून बसवलेला अँटी-चीट लिनक्स दिसताच दार लावून घेत होता. त्या प्रकारच्या अँटी-चीटला २०२१ पासून लिनक्सवर चालता येतं, पण परवानगी द्यायची की नाही हे गेम करणाऱ्यांच्या मर्जीवर असतं. काही कंपन्या देतात. काही म्हणतात, लबाड लोक याच वाटेनं येतात. इतकी वर्षं गोष्टी चालत नव्हत्या, कारण त्या करायला कुणाला वेळ नव्हता. आता चालत नाहीत, कारण कुणीतरी बैठक घेऊन तसं ठरवलंय. त्यावर कुठली कमांड नाही.

मला वाटलं, खचेल. कसला खचतोय! त्यानं कंपनीला नम्र पत्र धाडलंय, लॉग जोडून. 'विंडोज वापरा' असं छापील उत्तर आलं. त्यानं आभार मानले, आणि गेमची नवी आवृत्ती आली की पुन्हा तपासून पुन्हा पत्र धाडणार आहे. त्या कंपनीतल्या साहेबांना माझा मित्रत्वाचा सल्ला आहे: परवानगी देऊन मोकळे व्हा. तुम्हाला वाटतंय हा कंटाळेल. वाइननं एकचा आकडा गाठायला पंधरा वर्षं घेतली. त्यानंतरही पुढचा दोष शोधत हा जागाच होता.