गळ्याचा मुहूर्त

पन्नाशी उलटलेली कोणतीही बाई आरशासमोर एकटी सापडली की एक गोष्ट हमखास करते. (पुरुषही करतात, फक्त आधी बाथरूमची कडी लावून घेतात.) दोन्ही तळहात गालांवर ठेवायचे, कातडी हळूच कानांकडे ओढायची आणि बघायचं. समोर एक जुनी ओळखीची बाई उभी राहते. हात सोडले की ती निघून जाते. माझी ताई तर परवा हात न सोडताच बाहेरच्या खोलीत आली आणि म्हणाली, "एवढंच हवंय गं मला. जास्त नको."

डिसेंबरच्या शेवटी तिच्या मुलाचं लग्न आहे. हॉल ठरला, आचारी ठरला, विहीणबाईंची पैठणी येवल्याहून आली. राहिला तो ताईचा गळा. हनुवटीखालची कातडी सैल पडली आहे, आणि फोटोग्राफरने नमुन्यादाखल आणलेल्या अल्बमात वरमाई दर दोन पानांआड बाजूने टिपलेली होती. तेव्हापासून ताई कोणालाही बाजूने उभं राहू देत नाही. ऑपरेशनला मात्र तिचा साफ नकार. भूल नको, टाके नकोत, सुजलेलं तोंड घेऊन घरात बसणं तर मुळीच नको, कारण मग आमंत्रणं कोण करणार? इतक्या अटी घातल्यावर माणूस जिथे पोचतो तिथे आम्ही पोचलो, म्हणजे कोथरूडमधल्या एका स्किन क्लिनिकच्या पांढऱ्याशुभ्र सोफ्यावर.

टीपॉयवर माहितीपत्रकांची चळत होती. थर्माज, अल्थेरपी, हायफू, आरएफ मायक्रोनीडलिंग, थ्रेड लिफ्ट. साडीच्या दुकानात निदान पदर उलगडून दाखवतात. इथे सगळ्या पत्रकांवर एकच बाई, पंचविशीतली, डोळे मिटून हसणारी. यातल्या कशाचीच तिला गरज नव्हती. "हिचं आधी झालंय की व्हायचंय?" ताईने विचारलं. थ्रेड लिफ्टच्या पत्रकात कातडीखालून दोरे ओवतात असं वाचताच तिने ते उलटं करून खाली ठेवलं. मायक्रोनीडलिंगही सुयांच्या उल्लेखापाशी बाद झालं. निवड आपोआप सोपी होत चालली होती.

डॉक्टर बाई आमच्या भाचीच्या वयाची. ताईने तिलाही ते गाल ओढायचं प्रात्यक्षिक करून दाखवलं. ती हसली. "काकू, इथे येणारा प्रत्येक जण हेच करून दाखवतो. हे एवढं हवं असेल तर ते सर्जनचं काम." मग तिने ताईचे हात खाली घेतले, कानाच्या पाळीखाली एक बोट टेकवलं आणि जबड्याची कातडी अगदी किंचित वर सरकवली. "मशीनने फार तर इतकं." ताईने हातातला आरसा उजेडाकडे धरला, मान इकडून तिकडे फिरवली, चष्मा लावला, पुन्हा बघितलं. "कुठे?" ती म्हणाली.

हा प्रामाणिकपणा मला आवडला. विकणाऱ्याने आधी थोडकं दाखवावं, हे आपल्याकडे सोनारसुद्धा करत नाही.

यंत्रांची नावं सतरा असली तरी त्यांची युक्ती एकच, आणि ती थोडी लबाडीची आहे. कातडीला आतून इजा करायची, पण वरच्या थराला पत्ता लागू द्यायचा नाही. आपल्या त्वचेला ताठपणा देणारं प्रथिन म्हणजे कोलॅजन. त्याला साठ-पासष्ट अंशांपर्यंत तापवलं की त्याचे धागे आखडतात. हा झाला तात्पुरता परिणाम. खरा परिणाम पुढे असतो. आत काहीतरी भाजलं आहे हे शरीराच्या लक्षात येतं, दुरुस्ती सुरू होते आणि नवं कोलॅजन तयार होऊ लागतं. त्याला दोन-तीन महिने लागतात, कधी सहाही. तेव्हा आपण पैसे मोजतो ते भाजण्याचे. दुरुस्ती आपली आपणच करायची.

यातली मेख डॉक्टरने सहज सांगितली आणि मला ती दिवसभर पुरली. दुरुस्ती करायला मुळात कारागीर हवेत. विशीनंतर त्वचेतलं कोलॅजन वर्षाला साधारण एक टक्क्याने घटतं, आणि पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत बाईचं सुमारे ३० टक्के जातं. म्हणजे चाळिशीतली, जिची कातडी जेमतेम सैल पडू लागली आहे, तिला या यंत्रांचा गुण चांगला येतो. साठीला आलेल्या, खरोखर गरज असलेल्या बाईला बेताचाच. बँकेत मी तीस वर्षं कर्जप्रकरणं पाहिली. ज्याला गरज नाही त्याला कर्ज चटकन मिळतं, हा नियम कातडीलाही लागू असेल असं वाटलं नव्हतं.

उरले दोन उमेदवार. थर्माजमध्ये रेडिओलहरींची उष्णता त्वचेच्या मधल्या थरात पसरवतात आणि वरून थंड फवारा मारत राहतात. अमेरिकेत त्याला डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्यांसाठी २००२ मध्ये परवानगी मिळाली. अल्थेरपी म्हणजे ध्वनिलहरी. त्या आत एका बारीकशा बिंदूवर एकवटतात, दीड, तीन किंवा साडेचार मिलिमीटर खोल. साडेचार मिलिमीटरवर जो थर लागतो तोच फेसलिफ्टमध्ये सर्जन पकडून वर ओढतो. भुवया उचलण्यासाठी तिला २००९ मध्ये परवानगी मिळाली. विशेष म्हणजे कुठे मारा करतोय ते डॉक्टरला पडद्यावर दिसतं.

"म्हणजे सोनोग्राफीच की," ताई म्हणाली. "याच्या वेळी पोटावर फिरवली होती. आता याच्या लग्नासाठी गळ्यावर."

हायफू हे याच जातीचं, पण त्या नावाची जी असंख्य स्वस्त यंत्रं बाजारात आली आहेत त्यातल्या बऱ्याच यंत्रांना पडदाच नसतो. हात फिरवणारा अंदाजाने चालतो. आमच्या गल्लीतल्या पार्लरच्या काचेवरही 'हायफू ऑफर' चिकटवली आहे, फेशियल आणि वॅक्सिंगच्या मध्ये. माझं मत विचाराल तर तिथे भुवयाच कोराव्यात. उष्णता चुकीच्या थरात गेली तर गालाची चरबी वितळते आणि आधीच ओघळलेला चेहरा वर खप्पडही दिसू लागतो. जबड्याच्या कडेने ओठाकडे जाणारी एक नस आहे. ती दुखावली तर काही आठवडे तोंड एका बाजूला वाकडं होऊ शकतं. लग्नात वरमाईचं तोंड वाकडं असणं ही काही नवलाची गोष्ट नव्हे, पण त्यासाठी आजवर कोणी पदरचे पैसे मोजलेले नाहीत.

लेझरबद्दल मीच विचारलं. हार्वर्डच्या फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये, ऊन लागल्यावर कातडी भाजते की रापते यावरून त्वचेचे प्रकार लावायला सुरुवात केली. आज ते सहा आहेत आणि आपण बहुतेक जण चौथ्या-पाचव्यात बसतो. कातडी गुळगुळीत करणारे जोरकस लेझर गोऱ्या कातडीला मानवतात, आपल्याकडे मात्र मागे काळे डाग सोडून जायची भीती असते. ध्वनिलहरी आणि रेडिओलहरी यांना रंगाशी कर्तव्य नसतं. लग्नाच्या निमित्ताने रंग न बघणारं काहीतरी भेटलं, याचं मला मनापासून कौतुक वाटलं.

क्लिनिकच्या भिंतीवर कोलॅजनचं मोठं चित्र होतं, तीन पेडांच्या वेणीसारखं. ही तीन पेडांची रचना मांडली आपल्या देशात. मद्रास विद्यापीठातले जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी ती १९५४ मध्ये प्रसिद्ध केली. त्यासाठी कोलॅजन मिळालं शेजारच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेतून, आणि तेही कांगारूच्या शेपटीच्या स्नायुबंधाचं. म्हणजे आज ज्या प्रथिनाच्या गोळ्या, पावडरी आणि सरबतं गुलाबी डब्यांतून विकली जातात, त्याच्या शोधाची वाट चामड्याच्या प्रयोगशाळेतून गेलेली आहे. तापलं की कातडं आखडतं हे चांभाराला कायम ठाऊक होतं. पावडरींबद्दल ताईने विचारलंच. पोटात गेलेलं कोलॅजन इतर प्रथिनांसारखंच पचून त्याचे तुकडे होतात, ते निघून थेट हनुवटीखाली जाऊन बसतील असं त्यांना कोणी सांगितलेलं नसतं, असं डॉक्टर म्हणाली. दुकानातली विक्री तरीही जोरात आहे.

सगळ्यात स्वस्त उपाय तिने शेवटी सांगितला, बहुधा कोणी मनावर घेत नाही म्हणून. सनस्क्रीन. मग मोबाइलवर तिने एक फोटो दाखवला. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेला, ६९ वर्षांच्या एका ट्रकचालकाचा. २८ वर्षं ट्रक चालवला, खिडकी डावीकडे. चेहऱ्याची उजवी बाजू साठीची, आणि डावी? डावीकडे जाड वळ्या, खोल घड्या, गाल पार लोंबलेला. काचेतून अतिनील किरणांचा एक प्रकार आरपार येतो, त्याचा हा प्रताप. एकाच माणसाचे दोन बाजूंना दोन भाऊ. मी मनात लगेच एसटीचे ड्रायव्हर आठवायला लागले. आपल्याकडे उजवी बाजू बघायला हवी.

आणि मग पुण्यातल्या स्कूटीवाल्या मुली आठवल्या, डोळे सोडून सगळं तोंड स्कार्फमध्ये गुंडाळलेल्या. चंबळचे डाकू म्हणून आम्ही दोघींनी त्यांची आयुष्यभर थट्टा केली, ताईने जरा जास्तच. तीस वर्षांनी कळेल कोण हसतंय ते, आणि कोणाचा गळा न हलता हसतंय ते.

आता पैसे. आकडा ऐकून ताईने आरसा खाली ठेवला. वर जीएसटी. डॉक्टरच्या उपचारांवर एरवी हा कर लागत नाही, पण निव्वळ सौंदर्यासाठी केलेल्या उपचारांना ती सूट नाही. तिथे १८ टक्के. सैल पडलेला गळा हा आजार नव्हे, हौस आहे, असं सरकारचं अधिकृत मत झालं. "दुखणार आहे ना?" ताईने विचारलं. दुखणार होतं. अल्थेरपी हाडाजवळ चांगलीच झोंबते. "आजार नाही, पण दुखणार. कर भरायचा आणि वर विव्हळायचं."

तरी ती उठली नाही. अल्थेरपी, तीही फक्त जबडा आणि गळा, इथवर ती आली होती. डॉक्टरने आणखी एक अट घातली. लग्नाच्या आधी पूर्ण तीन महिने मोकळे हवेत, नाहीतर कोलॅजन वरातीनंतर पोचेल.

ताईने पर्समधून छोटं कालनिर्णय काढलं. डिसेंबरचा शेवट, तिथून मागे नोव्हेंबर, ऑक्टोबर, आणि बोट येऊन थांबलं ते पितृपक्षावर. चांगलं पंधरा दिवसांचं काळं. त्याआधी गणपती, गौरी, घरात पाहुणे. त्यानंतर घटस्थापना, म्हणजे तीन महिने भरत नाहीत.

"पितृपक्षात नवीन काही करायचं नसतं," ताई ठामपणे म्हणाली.

"नवीन कुठे?" मी म्हटलं. "जुनाच तर गळा आहे. आणि आलाय पूर्वजांकडूनच. आजीचा आठव, आईचा आठव."

तिने माझ्याकडे समोरून बघितलं, बाजूने नाही. मग बाहेर काउंटरवर जाऊन, सप्टेंबरचं शेवटचं पान मुडपून धरत, तिथल्या मुलीला म्हणाली, "या पंधरवड्यात तुमच्याकडे कोणीच येत नसेल ना?"

"हो मॅडम, तेव्हा रिकामंच असतं," ती मुलगी कॉम्प्युटरवरून मान न उचलता म्हणाली, "म्हणून तर आम्ही तेव्हा डिस्काउंट ठेवतो."

ताईने कालनिर्णय मिटलं.

"किती?"