लॅटिन स्कोअरिंग आहे का?

जर्मनीत मूल पाचवीत गेलं की घरात वादाला तोंड फुटतं. सहावीपासून दुसरी परकी भाषा कोणती घ्यायची, फ्रेंच की लॅटिन? आम्ही राहतो त्या बाडन-व्युर्टेम्बर्ग राज्यात गिम्नाझियम नावाच्या शाळांतल्या मुलांना हा निर्णय दहा-अकराव्या वर्षी घ्यावा लागतो. मुलांना, म्हणजे अर्थातच आईबापांना. आणि आमच्या घरात आईबापांना, म्हणजे पुण्यातल्या आजीला.

"लॅटिन स्कोअरिंग आहे का रे?" व्हिडिओ कॉलवर आईने थेट मुद्द्याला हात घातला.

महाराष्ट्रात शिकलेल्या माणसाला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. आठवीत संस्कृत कशाला घ्यायचं? कालिदास वाचायला? छे! मार्क पडतात म्हणून. झेपत असेल त्याने १०० मार्कांचं संपूर्ण घ्यावं, नसेल त्याने हिंदीला जोडून ५० मार्कांचं संयुक्त घ्यावं. सुभाषितं घोकायची, रूपं रटायची आणि दहावीचा पेपर देऊन आलं की संध्याकाळपर्यंत सगळं विसरून मोकळं व्हायचं.

मी आईला सांगितलं, "अगं, इथे १ म्हणजे उत्तम आणि ६ म्हणजे नापास."

"म्हणजे जितके कमी तितकं चांगलं?" आई क्षणभर गप्प झाली. "मग शेजारणीला सांगायचं तरी काय? नातीला संस्कृतसारख्या विषयात एक मार्क पडला म्हणून?"

पुढे शाळेत पालकसभा झाली. फ्रेंचच्या बाईंनी सहलीचे फोटो दाखवले. लॅटिनच्या सरांनी फायद्यांची यादी वाचली. लॅटिनने जर्मन व्याकरण पक्कं होतं, तर्कबुद्धी तल्लख होते, पुढे स्पॅनिश-इटालियन सोप्या जातात. शिवाय लाजाळू मुलांनी काळजी करू नये, लॅटिन बोलावं लागत नाही, फक्त भाषांतर करायचं असतं. आमच्या कन्येबद्दलची शाळेची एकमेव तक्रार बडबडीची असल्यामुळे हा शेवटचा फायदा आम्ही तोट्याच्या रकान्यात लिहिला.

"पण डॉक्टर व्हायला लॅटिन लागतंच ना?" आईचा पुढचा प्रश्न. नाही लागत. मेडिकलला शाळेच्या शेवटच्या परीक्षेतले गुण लागतात. शरीराच्या भागांची नि रोगांची लॅटिन-ग्रीक नावं कळावीत म्हणून कॉलेजात गेल्यावर सगळ्यांनाच एक छोटा अभ्यासक्रम असतो. शाळेत चार-पाच वर्षं नीट लॅटिन शिकून 'लाटिनुम' नावाचा शिक्का मिळतो खरा, पण तो मागतात बऱ्याच ठिकाणी इतिहासाला, आणि ख्रिस्ती धर्मशास्त्राला. "इतिहास आणि धर्मशास्त्र" एवढं ऐकल्यावर आईने तिकडे थंडी किती आहे ते विचारलं.

लॅटिनच्या बाजूने सगळ्यात जोरात उभे राहिले ते आमच्या खालच्या मजल्यावरचे निवृत्त आजोबा. "लॅटिनने मला विचार करायला शिकवलं," ते म्हणाले. शिकवलं असणार. कचऱ्याच्या पिवळ्या पिशव्या आम्ही आदल्या दुपारीच बाहेर ठेवल्या की ते दाराला चिठ्ठी लावतात. चिठ्ठी सहा ओळींची, वाक्य एकच आणि आमचा गुन्हा काय ते शेवटच्या शब्दात.

पण आजोबांचा दावा जुना आहे आणि तो तपासूनही झाला आहे. अमेरिकेत एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने हजारो शाळकरी मुलांची परीक्षा घेतली आणि १९२४ साली निष्कर्ष मांडला: कुठला विषय घेतला याने विचारशक्तीत फारसा फरक पडत नाही. मुळात हुशार मुलं लॅटिन घेतात, म्हणून लॅटिन हुशार करतं असा भास होतो. तीच मुलं उद्या कवायत आणि नाटक घेऊ लागली, तर कवायतीने बुद्धी वाढते असं आपण म्हणू. हे वाचताना मला आमचा संस्कृतचा वर्गच डोळ्यांसमोर दिसला. पहिले दहा नंबर त्या वर्गात होते, पण ते आधीपासूनच पहिले दहा नंबर होते.

स्पॅनिशचंही तेच. २००३ साली हाग आणि श्टेर्न या जर्मन संशोधकांनी स्पॅनिश शिकणारे विद्यार्थी तपासले. शाळेत फ्रेंच केलेल्यांनी व्याकरणाच्या चुका कमी केल्या, लॅटिनवाल्यांनी जास्त.

आईला हे संशोधन ऐकवलं. तिने ते एका वाक्यात उडवून लावलं. "चिंतामणराव देशमुखांना १९१२ साली मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती मिळाली आणि ते रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले. तुझ्या त्या थॉर्नडाइकला विचार."

आता गव्हर्नरांपुढे कोण बोलणार? तरी मी म्हटलं, "आई, केंब्रिजला त्यांनी वनस्पतीशास्त्र केलं. संस्कृत कामाला आलं ते मेघदूताचा मराठी अनुवाद करताना. नोटांवर सही करायला कालिदास लागत नाही."

"मेघदूत काय कमी आहे?" आई म्हणाली. आणि त्या सबंध वादात मला पहिल्यांदाच काही उत्तर सुचलं नाही.

दरम्यान कन्या दोन्ही भाषांच्या नमुना तासांना बसून आली. लॅटिनच्या धड्यात एक गुलाम मालकाच्या घरातून पळतो, आणि तो रस्त्यावर आला असतानाच घंटा झाली. "पुढे तो सापडतो का?" तिने मला विचारलं. मला काय माहीत? आमच्या संस्कृतच्या पुस्तकात राम वनात जायचा आणि सगळं आधीच ठाऊक असायचं. तिने त्याच रात्री फॉर्मवर लॅटिनपुढे खूण केली.

आता बाथरूमच्या आरशाला विभक्तीचा तक्ता चिकटवला आहे. दाढी करताना मी तो वाचतो. द्विवचन नाही आणि विभक्त्या संबोधन धरून सहा. आपला देव चोवीस रूपांत चालवावा लागतो, रोमनांचा बारात आटोपतो. आईला हे कळल्यावर तिने समाधानाने निकाल दिला, "मग निम्मंच आहे की! होईल स्कोअरिंग."

माझा निकाल वेगळा आहे. स्पॅनिश हवी असेल तर सरळ स्पॅनिश शिकावी आणि डॉक्टर व्हायचं असेल तर जीवशास्त्राचं पुस्तक उघडावं. लॅटिन काय नि संस्कृत काय, त्यांचा पुढच्या अभ्यासाला उपयोग नक्की होतो. फक्त तो पुढचा अभ्यास लॅटिनचा नि संस्कृतचा असावा लागतो. ज्याला गोष्टीत पुढे काय झालं हे जाणून घ्यायचंय, त्याला एवढा उपयोग पुरतो. बाकीच्यांनी खुशाल फ्रेंच घ्यावं. त्यात निदान सहल तरी आहे.