रिफ्रेशभौ

केज असो, धारूर असो की गेवराई, तहसील कचेरीसमोरच्या झेरॉक्सच्या ओळीत एक रिफ्रेशभौ असतोच. सकाळी कॉम्प्युटरला उदबत्ती ओवाळून झाली की तो पडद्यावर मोकळी जागा शोधतो, राइट क्लिक करतो आणि रिफ्रेश दाबतो. मग पुन्हा दाबतो. मन भरेपर्यंत दाबतो. त्यानं पडद्यावरची चिन्हं तेवढी पुन्हा उमटतात, मशीनचा वेग तसूभरही वाढत नाही, असं एका एमएस-सीआयटी झालेल्या पोरानं त्याला सांगून पाहिलं. भौ म्हणाला, "मग तुपलं मशीन हँग का व्हतंय?"

पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, खाली, विंडोज सक्रिय करा अशी पुसट सूचना कायमची येऊन बसलेली होती. भौनं नेमकं तिथंच योगेश्वरीदेवीचं स्टिकर लावलं. प्रश्न मिटला.

प्रिंटर त्याच्या कोपराला टेकलेला, हिरवा दिवा लागलेला. पडद्यावर मात्र तो ऑफलाइन. वायर दुसऱ्या यूएसबीत खोचली की विंडोजला तेच यंत्र नवं वाटतं आणि यादीत त्याच्याच नावापुढं 'कॉपी १' चढतं. भौच्या यादीत आता 'कॉपी ७' आहे. सातबाऱ्यावर मयत खातेदार राहावेत तसे आधीचे सगळे अजून यादीत आहेत, आणि कागद नेमका त्यांतल्याच कुणाकडं तरी जातो. पेन ड्राइव्ह काढायला गेलं तर तो अजून वापरात असल्याचं उत्तर. "कोण वापरायलंय? म्होरं ये म्हणावं!" असं ओरडून भौ तो उपटून काढतो.

विद्येचा मात्र त्याला अभिमान आहे. वकिलाच्या कारकुनानं कृतिदेवमधली फाइल आणली आणि मशीनवर तो फाँट नसला, की पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा चुरा सांडतो. इतर दुकानदार फाँट शोधत बसतात. भौ तो चुरा सरळ वाचतो. "व्ही, टी, झेड. म्हंजे अर्ज. म्होरं बोला." कॉलेजची पोरं आली की त्यांच्याशी पैज: 'कॉन' नावाचं फोल्डर करून दाखवा, चहा मपला. पोरं इंग्रजीत सी-ओ-एन टाइप करून दमतात. डॉसच्या काळापासून ते नाव खुद्द यंत्रानं स्वतःसाठी राखून ठेवलंय. विंडोज इतकी बदलली, पण हे आरक्षण कुणी उठवलं नाही. भौनं आजवर एकही चहा पाजलेला नाही.

त्याचा खरा कस लागतो पीक विम्याच्या दिवसांत. ३१ जुलै तोंडावर आलेली, पायरीपर्यंत रांग, आणि मशीन स्वतःच्या मर्जीनं अपडेट घ्यायला बसतं. कॉम्प्युटर बंद करू नका, असं वर बजावतंही.

"सर, काय फिरायलंय ते?"

"अपडेट घ्यायलंय, मामा."

"किती झालं?"

"तीस टक्के."

"मघा बी तीसच व्हतं की."

"मग? विम्याचं काय वेगळं असतं व्हय?"

रांग हसते. या एका उत्तरावर भौ पाऊण तास काढतो.

शेवटी तो प्लग उपटतो. हे अडाणीपण म्हणून हसण्याजोगं नाही. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, 'शट डाउन' दाबल्यावर यंत्र बहुतेक ठिकाणी पुरतं बंद होतच नाही. लवकर सुरू होता यावं म्हणून आपल्या गाभ्याची अवस्था डिस्कवर लिहून ठेवतं, आणि कालची खोट आज तशीच उठून बसते. पुरती सुरुवात रीस्टार्टनं होते, किंवा भौच्या हिसक्यानं. अपडेटच्या मध्यात तो हिसका देऊ नये, हे खरंच. पण रांगेला हे कोण सांगणार?

एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला, सातचा १४ जानेवारी २०२० ला. "कंपनीनं सोडलं, आपण न्हाई सोडलं," म्हणत भौ दोन्ही वेळा बराच काळ तसाच राहिला. १४ ऑक्टोबर २०२५ ला दहाचीही मुदत संपली. ऊसतोडीला निघायच्या तयारीतली माणसं दाखल्यांसाठी दुकानात दाटलेली, आणि भौनं अकरा येतंय का म्हणून तपासलं. त्याचं मशीन निकषांत बसत नव्हतं. दिवसभर लोकांना 'तुम्ही अपात्र' असं वाचून दाखवणारा माणूस पहिल्यांदाच गप्प झाला. मागून एक म्हातारी म्हणाली, "तहसीलदाराकडं अपील कर की बाबा."

दिवाळीला पुण्याहून भाचा आला. त्यानं जुन्याच मशीनवर उबंटू चढवलं. भराभर सुरू झालं, प्रिंटर एकाच नावानं दिसला, पहिला कागद पहिल्या झटक्यात बाहेर आला. भौनं उदबत्ती ओवाळली, मोकळ्या जागी राइट क्लिक केलं, यादी वरून खाली वाचली, पुन्हा खालून वर वाचली.

"ह्यात रिफ्रेशच न्हाई?"

"लागत नाही, मामा."

"लागत न्हाई म्हंजे? मग गिऱ्हाइकासमोर मी करू काय?"

संध्याकाळपर्यंत विंडोज परत आली होती.