कलम ४१ आणि तर्री-पोहे

नागपूरच्या धंतोलीत दर चार पावलांवर दवाखाना, आणि दोन दवाखान्यांच्या मधे आरोग्य विम्याचा एजंट. बिचाऱ्याचे दिवस कठीण आहेत. जरा कुठे पाठ झालं की विमा नियामक इर्डा नवं परिपत्रक काढते. जुन्या आजारासाठी थांबण्याची कमाल मुदत ४८ महिने होती, ती २०२४ मध्ये ३६ झाली. पॉलिसी परत करायला आता ३० दिवस. कॅशलेसवर निर्णय तासाभरात, सुटीची परवानगी तीन तासांत. (कागदावरचं घड्याळ नेहमीच वेळेवर चालतं.)

ग्राहक मात्र बदललेला नाही. पोह्यांवर तर्री ओतून घेता घेता त्याचा पहिला प्रश्न, "भाऊ, कमिशनातलं किती सोडता?" आता विमा कायदा १९३८ चा. त्याचं कलम ४१ अशी सूट देणाऱ्यालाही अडवतं आणि घेणाऱ्यालाही. दंड दहा लाखांपर्यंत. भाऊ हसतात, आकडा कानात सांगतात.

मग अर्ज. "शुगर?" "आहे थोडीशी." "थोडीशी लिहायला जागा नाही काकाजी," म्हणत 'नाही'वर टिचकी. सही कुठे करायची ते भाऊ बोटाने दाखवतात, वाचायचं कुठे ते नाही. पुढे दावा फेटाळला की दोघंही कंपनीला शिव्या द्यायला मोकळे.

पॉलिसीसोबत एक माहितीपत्रक येतं, २०२४ पासून नव्या, सोप्या नमुन्यात. ते मराठीतून मागता येतं. मागा, आणि शुगर स्वतःच्या हाताने लिहा.