केळीच्या खोडाचा दिवा

"काय वो वहिनी, कपडे वाळत घालता घालता कुणाकडे बघून हसता?"

"समोरच्या पटेलांच्या दिवाणखान्यात बघा की. तो कागदी कोसला टांगलाय ना, मला वाटलं दिवाळीचा आकाशकंदील उतरवायचा राहिला. तर सून म्हणते, 'मासी, हाथनुं काम छे, बेंगलुरूथी मंगाव्यो.' कशाचा असेल? केळीच्या खोडाचा!"

"माय वो! आमच्या रावेरला घड उतरला की खोड आडवं करून बांधावर टाकतात. केळ एकदाच विते, मग त्या खोडाचं काय लोणचं घालायचं? उलट ते उचलायला बाबा मजुरी मोजायचे."

"त्याचेच पैसे केले एका बाईनं. जेनी पिंटो. मुंबईत जाहिरातींच्या फिल्मा करायची. चालतं काम सोडून बेंगलुरूला गेली आणि कागद करायला बसली. 'ऊर्जा' तिच्या स्टुडिओचं नाव. केळीचं खोड, तुतीची साल, असलं काहीबाही घेऊन कागद करायचा अन् त्याचे दिवे."

"खोडाचा कागद होतो तरी कसा?"

"बारीक तुकडे सोड्यात शिजवायचे, कुटून लगदा करायचा, पाण्यात कालवायचा, मग जाळीवर उचलायचा. पाणी निथळलं की वर पापुद्रा राहतो."

"म्हणजे सालपापड्याच की! अन् पेटत नाही?"

"आत एलईडी असतो, तापतो कितीसा? जुना पिवळा बल्ब असता तर मीही नसता टांगला. सून म्हणाली, यात नवं काही नाही. जपानात गिफू गावी कंदिलांचा धंदा बसत चाललेला. १९५१ मध्ये नोगुची नावाचा शिल्पकार तिथे गेला, तर महापौरांनी त्यालाच गळ घातली. त्यानं तोच तुतीच्या सालीचा कागद, त्याच बांबूच्या कामट्या घेतल्या, फक्त आत विजेचा दिवा बसवला आणि आकार बदलले. नाव ठेवलं अकारी."

"अकारी? आकारणी म्हणा! किंमत काय सांगितली?"

"विचारली हो. तिनं हसून चहाच टाकला."

"म्हणजे दणदणीत असणार. माहीमच्या कंदील गल्लीत हातानंच कंदील बांधतात, त्यांना कुणी डिझायनर म्हणतं का? अंगणात टांगला तर कंदील, दिवाणखान्यात टांगला तर कला!"

"तसं नाही हो. कंदील चार दिवसांचा, हा रोज नजरेसमोर राहायचा. घडण बघा जरा, उजेड कसा झिरपतो. खोड फुकटचं असेल, नजर फुकटची नाही."

"असेल बाई. पण बेंगलुरूपर्यंत जायला कशाला हवं? इथे कामरेजला उसाच्या शेजारी केळीच आहेत."

"नवसारीच्या कृषी विद्यापीठानं खोडावर केवढं काम केलंय! धागा काढला, कागद केला. उरलेल्या रसाचं द्रवखतसुद्धा काढलं, 'नोवेल' नावाचं."

"रसही सोडला नाही? थांबा, भावाला फोनच लावते. म्हणते, यंदा खोडं बांधावर टाकू नकोस."

"अन् ठेवून करेल काय तो?"

"ते मग बघू. आधी तुम्ही सुनेकडून किंमत काढा."

"मी एकदा चहा पिऊन आले. आता तुम्ही जा... अगं बाई, नळाला पाणी आलं वाटतं!"