मिलिमीटरराव

पुण्यात गतिरोधक ओलांडण्याच्या दोन रीती आहेत. बहुतेक मंडळी तो तिथे नाहीच असं धरून जातात. दुसरी रीत मिलिमीटररावांची. ते आधी आरशात बघतात, इंडिकेटर देतात, गाडी तिरकी करतात आणि एकेक चाक वेगवेगळं चढवून चारही पलीकडे उतरवतात. मागचा रिक्षावाला हॉर्न बडवत असतो, पण तो त्यांना ऐकू जात नाही. त्यांचे कान त्या वेळी गाडीच्या पोटाला लागलेले असतात. काही घासलं नाही अशी खात्री पटली की ते श्वास सोडतात आणि रिक्षावाल्याला अदबीने पुढे जायची खूण करतात. जाता जाता रिक्षावाला जे म्हणतो ते इथे छापण्याजोगं नाही.

मिलिमीटरराव हे एका माणसाचं नाव नव्हे. आमच्या सोसायटीत आहेत, शेजारच्या सोसायटीत आहेत, तुमच्याही असतील. वय पंचविशी ते चाळिशी, नोकरी बरी, घराचे हप्ते चालू आणि पार्किंगमध्ये हॅचबॅक. ती शक्यतो पोलो असते. पोलो चाकणला बनायची आणि २०२२ साली बंद झाली, त्यामुळे तिच्याविषयी आता गहिवरून बोलायची सोय झाली आहे. पोलो नसली तर स्विफ्ट. कंपनीतून येताना या गाड्यांच्या पोटाखाली साधारण १६५ मिलिमीटर मोकळी जागा असते. तुम्हाआम्हाला ती पुण्याच्या रस्त्यांना अपुरी वाटते. मिलिमीटररावांना ती डोळ्यांत खुपते. पुढचं सगळं रामायण या मतभेदातून घडतं.

बघणारे म्हणतात, पोरगं वाया गेलं. गाडी खाली बसवलीय म्हणजे रात्री रेस लावत असणार. मला तर इतका जपून वागणारा जीव आख्ख्या सोसायटीत दुसरा दिसत नाही. ते वेगाने जातच नाहीत, कसे जातील? रस्त्यातला प्रत्येक खड्डा त्यांना पाठ असतो, आणि कुठल्या चेंबरचं झाकण रस्त्याच्या वर आलंय हे महापालिकेच्या आधी त्यांना कळलेलं असतं.

चाकाचा वरचा काठ आणि त्यावरची पत्र्याची कमान यांच्यात किती बोटं मावतात, यावर त्यांचं सुखदुःख ठरतं. कंपनीची गाडी चार बोटांची. "काका, यातनं मांजर जाईल हो," असं माझ्या गाडीकडे बघून मला सांगण्यात आलेलं आहे. तीन बोटं म्हणजे संसारी गृहस्थ. दोन बोटं उरली की स्वर्गही तेवढाच उरतो. एक बोट हा अविचार. आणि एकही बोट मावत नसेल तर ती गाडी पलीकडच्या गल्लीतल्या 'त्या'ची.

'तो' म्हणजे स्प्रिंगा कापणारा. मिलिमीटररावांचा या जगात कुणावर खरा राग असेल तर याच्यावर. तो कुठल्याशा गॅरेजमध्ये जातो, मिस्त्री ग्राइंडर लावून प्रत्येक स्प्रिंगेचा दीड वेढा उडवतो, चहा येईपर्यंत काम झालेलं असतं. लोकांना दोघांच्या गाड्या सारख्याच बुटक्या दिसतात, आणि हे मिलिमीटररावांना फार लागतं. "स्प्रिंग कापली की ती नुसती बुटकी होत नाही, काका, कडकही होते. कामाचे सहा वेढे होते, एक कापला, दबायला पाचच उरले. कडकपणा वीस टक्क्यांनी वाढला! आणि शॉकअप तोच जुना!" दुसरे काही मिस्त्री कापायचेही कष्ट घेत नाहीत, गॅसच्या ज्योतीने स्प्रिंग तापवून जागच्या जागी बसवतात. त्यात पोलादाचं पाणी उतरतं आणि स्प्रिंग मग रोज थोडी थोडी बसतच जाते. हे सांगताना मिलिमीटररावांचा आवाज बसतो.

स्वतः ते कापत नाहीत, ते निवडतात. निवडणं हा त्यांचा धर्म, बसवणं नंतर. ऑफिसच्या संगणकात ते 'बजेट फायनल' नावाचा एक तक्ता ठेवतात. त्यात उभ्या रकान्यांत आयबाख, एच अँड आर, कोब्रा अशी नावं, आडव्या ओळींत आकडे. आयबाखची साधी जोडी गाडी पंचवीस-तीस मिलिमीटर खाली घेते, तिचीच लाल भावंडं त्याहून जास्त. वेढे सारख्या अंतरावर असले तर स्प्रिंग शेवटपर्यंत एकाच मापाने कडक. काही वेढे दाट आणि काही विरळ असले तर आधी मऊ, मग कडक. पुण्याला दुसरी बरी, असं ते मंगळवारी म्हणतात. गुरुवारी पहिली. तीस की पस्तीस, या पाच मिलिमीटरवर त्यांचे दोन पावसाळे गेल्याचं त्यांची बायको सांगते. फ्लॅट घेताना मात्र त्यांनी तासाभरात सही केली होती.

आणि स्प्रिंग ठरली म्हणजे काम झालं असं समजणारा माणूस त्यांच्या लेखी अडाणी. एकदा पार्किंगमध्ये त्यांनी मला माझ्याच गाडीच्या बॉनेटवर दोन्ही हात टेकवून दाबायला लावलं. "आता एकदम सोडा." सोडलं. गाडी वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली, पुन्हा थोडी खाली. मिलिमीटरराव खिन्न झाले. "वर येऊन जागच्या जागी बसायला पाहिजे होती. शॉकअप गेलेत तुमचे." मग त्यांनी समजावून सांगितलं की गाडी उचलून धरते ती स्प्रिंग, पण स्प्रिंगेला थांबणं ठाऊक नसतं. तिची उसळी मोडायचं काम शॉकअपचं. आतल्या तेलातून बारीक भोकांवाटे दट्ट्या वरखाली होतो आणि त्या ओढाताणीत उसळीची उष्णता होऊन जाते. स्प्रिंग कडक घेतली आणि शॉकअप जुनाच ठेवला तर गाडी एका खड्ड्याला तीनदा उत्तर देते. उलट शॉकअप फारच आवळलेला असला तर दबलेलं चाक खाली यायच्या आत पुढचा खड्डा येतो, मग पुढचा, आणि गाडी जाता जाता खाली बसत जाते. शिवाय लांबीचा प्रश्न. आखूड स्प्रिंग, लांब शॉकअप: चाक लोंबकळलं की स्प्रिंग आपल्या बैठकीत सैल होऊन खुळखुळते. म्हणून बिलस्टाइनवाल्यांनी मूळ उंचीच्या गाडीसाठी बी-सिक्स आणि बसवलेल्या गाडीसाठी आखूड अंगाचा बी-एट असे दोन वेगळे काढले. कोनीच्या पिवळ्या शॉकअपला फिरवायची कळ असते, ती फक्त परतीची उसळी कमीजास्त करते. इथे कुणालाही पत्रिका जुळवण्याची उपमा सुचेल. मलाही सुचली आणि मी ती बोलून बसलो. मिलिमीटरराव म्हणाले, "छे हो. पत्रिकेत छत्तीसपैकी अठरा गुण जुळले तरी लग्न लागतं. इथे अठरावर भागवलं तर शॉकअप वर्षभरात तेल ओकतो."

तेव्हापासून मला एक गोष्ट दिसू लागली आहे. लग्नकार्यालयाच्या पार्किंगमध्ये, दवाखान्याबाहेर, कुणाच्या दहाव्यालासुद्धा, मिलिमीटरराव उभ्या गाड्यांच्या बॉनेटवर सहज म्हणून हात टेकतात आणि काढतात. यजमान विचारतात, ओळखीची गाडी आहे का? ते मान हलवून म्हणतात, "गेलेत."

पण या माणसाचं खरं तेज बघायचं तर गतिरोधकापाशी. आमच्या गेटातला गतिरोधक पाण्याच्या टाकीच्या कामातून उरलेल्या काँक्रीटचा आहे. उंची किती ठेवावी हे काँक्रीट संपेपर्यंत ठरलं नव्हतं. एका रविवारी सकाळी सातला मिलिमीटरराव तिथे पालथे पडलेले दिसले. हातात स्टीलची पट्टी, दोन टोकांना दोन विटांवर ताणलेली सुतळी, एक डोळा मिटलेला. वॉचमन बॅटरी घेऊन धावला, "साहेब, काय सांडलं का?" उंची भरली सव्वाशे मिलिमीटर आणि रुंदी जेमतेम दीड फूट. मग त्यांनी व्यवस्थापन समितीला आकृतीसह अर्ज दिला. त्यात लिहिलं होतं की इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनेप्रमाणे गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि फक्त १०० मिलिमीटर उंच असावा, ताशी २५ किलोमीटरने सुखाने ओलांडता येईल असा. तो गाडीच्या दोन चाकांतल्या अंतराहून रुंद असल्यामुळे पुढची-मागची चाकं एकाच वेळी त्याच्यावर असतात आणि गाडीही त्याच्याबरोबर उचलली जाते. पोटाखालून जातात फक्त पंचेचाळीस मिलिमीटर. म्हणजे पस्तीस मिलिमीटर खाली बसवलेली गाडीसुद्धा त्यावरून बिनधास्त जाईल. मी ते गणित घरी येऊन ताडून पाहिलं, बरोबर आहे. समितीने दोन बैठका घेतल्या. सचिवांनी उत्तर दिलं: "अर्जदाराने गाडी उंच करून घ्यावी."

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सचिवांना माहीत नव्हतं, नाहीतर तेही लावलं असतं. कंपनीने दिलेल्या तपशिलाशी विसंगत असे बदल गाडीत करायचे नाहीत, असं ते कलम सांगतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत अशा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा बदलामागे पाच हजार रुपये दंड आला. मिलिमीटररावांचं म्हणणं असं, की स्प्रिंग झिजणारी वस्तू आहे, ती बदलली. पण रात्री झोप येत नाही तेव्हा ते हिशेब करतात, चार स्प्रिंगा म्हणजे बदल एक की चार.

कुटुंबातल्या प्रत्येकाचं वजन त्यांना तोंडपाठ असतं, हे आणखी एक. मागच्या दोन स्प्रिंगा मिळून एक मिलिमीटर दबायला चार किलो लागतात असं धरलं, तर फलटणच्या आत्या मागे बसल्यावर गाडी सुमारे वीस मिलिमीटर खाली जाते. म्हणून ते दार उघडून अगत्याने म्हणतात, "आत्या, तुम्ही पुढे बसा." नातेवाइकांत त्यांचं याबद्दल नाव आहे. आजकालची मुलं कुठे एवढा मान ठेवतात? ताम्हिणीतून कोकणात जाताना ते दोन्ही मुलांना मागे घालतात, सासऱ्यांना पुढे घेतात आणि परत येताना आंब्याच्या पेट्या किती घ्यायच्या यावर तिथेच भांडण होतं. "सहाच," ते म्हणतात. बायको म्हणते दहा. बायकोला किलो दिसत असतात, त्यांना मिलिमीटर.

शेवटी एकदाचं सामान आलं. पस्तीसच्या स्प्रिंगा, आखूड शॉकअप. खोकी दिवाणाखाली गेली आणि तिथेच राहिली, कारण आता प्रश्न निघाला टॉप माउंटचा. एवढं उघडणारच आहे तर माउंट नवे घालू. माउंट घालतोय तर बेअरिंग. मग बुश. मग बंप स्टॉप नाना पेठेत मिळाले ते आखूड निघाले. एवढं उघडणारच आहे तर, या चार शब्दांवर पुण्यातली कित्येक गॅरेजं उभी आहेत. मिस्त्रीने काम केलं, अलाइनमेंट झाली, पाचशे किलोमीटर चालल्यावर स्प्रिंगा जरा बसल्या म्हणून पुन्हा अलाइनमेंट झाली. गाडी दिसायला सुरेख झाली, हे मान्य केलं पाहिजे. घाटात वळणावर ती आता कलत नाही, रस्त्याला धरून जाते; मी बसलोय. आणखी खाली का नाही घेतली, असं विचारलं तर ते म्हणाले की पुढे मॅकफर्सन स्ट्रट असला की गाडी जेवढी खाली येते त्याहून तिचा रोल सेंटर जास्त खाली घसरतो. म्हणजे कलू नये म्हणून बसवायची आणि फार बसवली तर कलायला तिला उलट लांब दांडा मिळतो. असं सगळं नेमकं बसलं होतं.

महिनाभर ते सुखात होते. मग तक्त्याचं नाव बदलून 'बजेट फायनल २' झालं. पस्तीसच्या जागी तीस हवे होते असं त्यांना वाटू लागलं होतं, आणि पावसाळ्यात वीस. यावर जगात एकच उपाय आहे, कॉइलओव्हर. आट्यांच्या नळीवर कडी फिरवली की गाडी हवी तेवढी वर, हवी तेवढी खाली. ठरवायचं म्हणून काही उरतच नाही. स्प्रिंगा आणि शॉकअप 'फक्त चार हजार किलोमीटर, घाटात हळू' म्हणून विकले गेले. पलीकडच्या गल्लीतल्या 'त्या'ने ते घेतले, आणि पैसे मोजून घेताना मिलिमीटररावांनी त्याला अर्धा तास उभं करून बी-सिक्स आणि बी-एटमधला फरक सांगितला.

आता शनिवारी रात्री पार्किंगमध्ये जॅक लागलेला असतो आणि वाकड्या पान्याने मिलिमीटरराव एकेक आटा फिरवत असतात. परवा फलटणहून फोन आला तेव्हा मी तिथेच होतो. त्यांनी फोन स्पीकरवर टाकला आणि पुसलेल्या हाताने वही उघडली.

"कधी येताय, आत्या?"

"उद्या सकाळच्या एसटीने. स्टँडवर येशील ना रे न्यायला?"

"येतो की. सामान किती आहे?"

"एकच पिशवी. आणि तुझ्यासाठी ज्वारीचं पोतं आणतेय, घरची आहे."

"अर्धं का पूर्ण?"